एका डॉलरचे कुंपण

शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकात संप्रेरकांचा एक तक्ता असतो. एका रकान्यात ग्रंथीचे नाव, शेजारी संप्रेरकाचे नाव आणि शेवटच्या रकान्यात त्याचे कार्य. स्वादुपिंड, इन्सुलिन, रक्तातील साखरेचे नियंत्रण. मुले हे पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि एक गुण मिळवतात. आपणही तक्ता फळ्यावर लिहून पुढे जातो, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो.

पण या एका ओळीमागे शंभर वर्षांची एक कहाणी आहे. तिच्यात उत्तम रसायनशास्त्र आहे, माणसांची भांडणे आहेत, मोठ्या मनाचा एक निर्णय आहे आणि त्या निर्णयाचे पुढे काय झाले याची खेदजनक हकिगतही आहे. ज्यांनी इन्सुलिन शोधले त्यांनी त्याचे हक्क एकेका डॉलरला देऊन टाकले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, इन्सुलिन परवडत नाही म्हणून माणसे ते पुरवून पुरवून टोचू लागली आणि त्यांतली काही मेली. हे कसे झाले? 'कंपन्या लोभी असतात' एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. लोभ तर १९२२ सालीही होताच. तेव्हा त्याला अडवणारे काय होते आणि ते नंतर का उरले नाही, हे आपण या लेखात पाहू.

उपाशी ठेवण्याचा उपचार

स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध १८८९ साली कळला. स्ट्रासबर्ग येथे योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. त्याआधी वीस वर्षे, १८६९ साली, पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींची वेगळी बेटे पाहिली होती. या बेटांमधून काहीतरी थेट रक्तात जात असावे आणि तेच साखर आवरत असावे, असा तर्क पुढे मांडला गेला. ते 'काहीतरी' मात्र कोणाच्या हाती लागेना.

लहान वयात मधुमेह झालेल्या मुलांसाठी त्या काळी एकच उपाय होता : खाणे कमी करणे. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची पद्धत प्रसिद्ध होती. मुलाला इतके कमी खायला द्यायचे की रक्तातली साखर वाढूच नये. त्याने आयुष्य काही महिन्यांनी, क्वचित एखाद-दोन वर्षांनी वाढे. पण मूल हाडांचा सापळा होऊन जाई. मधुमेहाने मरू द्यायचे की उपासाने, एवढीच निवड आईबापांपुढे असे.

ते 'काहीतरी' वेगळे करणे इतके अवघड का होते? स्वादुपिंड दोन कामे करते. ते पाचकरसही तयार करते आणि त्या रसात प्रथिने फोडणारे ट्रिप्सिन असते. इन्सुलिन हे स्वतः एक प्रथिन. स्वादुपिंड वाटून अर्क काढला की ट्रिप्सिन इन्सुलिनवरच तुटून पडे आणि हाती येई तो निकामी लगदा. मधुमेही माणूस इन्सुलिन गोळीसारखे गिळू शकत नाही, टोचूनच का घ्यावे लागते, याचे उत्तरही हेच आहे. वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. पचनाचा धडा नीट समजलेली मुले उत्तरापर्यंत स्वतः पोचतात.

टोरांटोतील हिवाळा

ऑक्टोबर १९२० मध्ये फ्रेडरिक बँटिंग या कॅनडातील तरुण शल्यविशारदाच्या वाचनात एक लेख आला. स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झाली तर पाचकरसाच्या पेशी झिजतात, पण बेटे शाबूत राहतात, असे त्यात म्हटले होते. त्या रात्री बँटिंगच्या मनात आले : कुत्र्याची नलिका बांधून टाकावी, पाचकरसाच्या पेशी झिजू द्याव्यात आणि मग उरलेल्या बेटांचा अर्क काढावा. ही कल्पना घेऊन तो टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मॅक्लिऑड यांच्याकडे गेला. मॅक्लिऑड यांना फारशी खात्री नव्हती, तरीही त्यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा मदतनीस दिला. बँटिंग तेव्हा २९ वर्षांचा होता आणि बेस्ट २२ वर्षांचा.

त्यांच्या अर्काने कुत्र्यांची साखर उतरली. पुढे असे दिसले की नलिका बांधण्याचा खटाटोप आवश्यकही नाही. कत्तलखान्यातून आणलेल्या ताज्या स्वादुपिंडापासून, आम्लयुक्त थंड अल्कोहोल वापरून, अर्क काढता येतो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचे वजन तेव्हा जेमतेम ३० किलो होते. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध होता. टोचलेली जागा सुजली आणि उपचार थांबवावा लागला.

येथे चौथा माणूस येतो, जेम्स कॉलिप. हा जीवरसायनशास्त्रज्ञ होता. त्याने पाहिले की मिश्रणातील अल्कोहोलचे प्रमाण वाढवत नेले की नको असलेली बरीच प्रथिने आधी खाली बसतात आणि इन्सुलिन द्रावणात राहते. प्रमाण नव्वद टक्क्यांच्या थोडे पुढे नेले की इन्सुलिनही खाली बसते. या दोन टप्प्यांच्या मध्ये शुद्धीकरणाची जागा होती. २३ जानेवारीपासून कॉलिपचा अर्क त्याच मुलाला देण्यात आला आणि या वेळी साखर खरोखरच उतरली. लिओनार्ड आणखी तेरा वर्षे जगला.

या चौघांचे आपापसात मुळीच पटत नव्हते. श्रेय कोणाचे यावरून बँटिंग आणि कॉलिप यांच्यात हातघाईची वेळ आली होती. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले, तेव्हा बँटिंगने रागाने आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली आणि मॅक्लिऑड यांनी आपली अर्धी कॉलिपला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा निर्णय ज्यांनी घेतला ते कोणी संत नव्हते. मानपानासाठी भांडणारी साधी माणसे होती.

पेटंट घ्यायचे ते कशासाठी?

बातमी पसरली तशी एक भीती उभी राहिली. कृती जाहीर केली आणि पेटंट घेतले नाही, तर दुसरा कोणीतरी थोडा फेरफार करून स्वतःच्या नावे पेटंट घेईल आणि जगाला वेठीस धरील. उलट डॉक्टराने औषधावर पेटंट घेणे हे त्या काळी वैद्यकीय नीतीला धरून मानले जात नसे. म्हणूनच बँटिंग सुरुवातीला आपले नाव घालायला तयार नव्हता.

या पेचातून त्यांनी वाट काढली. एप्रिल १९२२ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हेतू स्पष्ट केला : पेटंट घ्यायचे ते दुसऱ्या कोणाला ते घेता येऊ नये एवढ्यासाठीच. कृती प्रसिद्ध झाल्यावर कोणीही इन्सुलिन बनवावे, पण कोणालाही त्याची नफेखोर मक्तेदारी करता येऊ नये. जानेवारी १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी अमेरिकन पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला विकले. किंमत प्रत्येकी एक डॉलर.

आपल्याकडे शेताला कुंपण घालतात ते गुरे आत शिरू नयेत म्हणून. हे पेटंट असेच कुंपण होते. शेत सर्वांचे राहावे म्हणून घातलेले.

कंपनीची गरज आणि कंपनीची चाल

केवळ सदिच्छेवर औषध तयार होत नाही. १९२२ च्या वसंतात टोरांटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर इन्सुलिन बनवायला घेतले आणि कॉलिपला आपलीच कृती जमेना. भांडी मोठी झाली, तापमान बदलले, अर्क निकामी निघू लागला. रुग्ण दारात उभे आणि औषध नाही, असे आठवडे गेले. तेव्हा विद्यापीठाने इंडियानापोलिसच्या एलाय लिली या कंपनीशी करार केला. तिच्याकडे अभियंते होते, पैसा होता आणि कत्तलखान्यांशी संबंध होते. ही गोष्ट लहान नव्हती, कारण पाव किलोपेक्षाही कमी शुद्ध इन्सुलिन मिळवण्यासाठी जनावरांचे सुमारे दोन टन अवयव लागत.

लिलीच्या जॉर्ज वॉल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९२२ च्या अखेरीस एक महत्त्वाची सुधारणा केली. प्रत्येक प्रथिनाचा एक समविद्युत बिंदू असतो. द्रावणाची आम्लता त्या बिंदूवर आणली की प्रथिनावरील धन आणि ऋण प्रभार समान होतात, रेणू एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि प्रथिन खाली बसते. दुधात लिंबू पिळल्यावर ते फाटते ते याच कारणाने, कारण आम्लता केसीनच्या समविद्युत बिंदूला येते. इन्सुलिनलाही असेच 'फाडता' येते. त्यामुळे औषध अधिक शुद्ध झाले, अधिक मिळू लागले आणि टिकू लागले.

लगोलग कंपनीने या सुधारणेवर स्वतःचे पेटंट मागितले आणि औषध 'इलेटिन' या स्वतःच्या नावाने विकायला काढले. म्हणजे कुंपणाला पहिल्याच वर्षी धक्का बसला. टोरांटोकरांनी हरकत घेतली. त्याच सुमारास सेंट लुईस येथील विद्यापीठातील संशोधकांनीही तशीच पद्धत स्वतंत्रपणे शोधली होती, त्यामुळे कंपनीचा एकटीचा दावा दुबळा झाला. शेवटी टोरांटोचा नियम टिकला : परवाना हवा असेल तर सुधारणांचे हक्कही सामायिक ठेवावे लागतील. विद्यापीठाच्या इन्सुलिन समितीने परवाने दिले, औषधाची शक्ती मोजण्याचे एकक ठरवले आणि तयार मालाच्या तपासणीचा आग्रह धरला. परवान्यांतून मिळणारे मानधन संशोधनाकडे वळवले गेले.

युरोपातही हे कुंपण उपयोगी पडले. डेन्मार्कचे नोबेलविजेते ऑगस्ट क्रोग १९२२ साली टोरांटोला गेले. त्यांची पत्नी मारी ही डॉक्टर होती आणि स्वतः मधुमेही होती. ते परवानगी घेऊन परतले आणि पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये इन्सुलिन बनू लागले. त्या प्रयोगशाळेतून आणि तिच्यातून फुटलेल्या दुसऱ्या कंपनीतून आजची नोव्हो नॉर्डिस्क उभी राहिली. ब्रिटनमध्ये हक्क सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाकडे सोपवले गेले.

तेव्हा लोभ नव्हता असे नाही. १९४१ साली अमेरिकन सरकारने लिलीसह तीन कंपन्यांवर संगनमताने इन्सुलिनची किंमत ठरवल्याचा खटला भरला आणि कंपन्यांनी दंड भरला. पण लक्षात घ्या, तेव्हा लोभावर नजर ठेवणारे कोणीतरी होते. आधी विद्यापीठ, मग सरकार.

रेणूत थोडा बदल, पेटंट नवे

पेटंटला मुदत असते. आज ती साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. ती संपली की कोणीही ती वस्तू बनवावी, किंमत उतरावी आणि समाजाला शोधाचा पूर्ण लाभ व्हावा, अशी मूळ कल्पना. शोधकाला काही वर्षे संरक्षण आणि नंतर सर्वांना ज्ञान, असा हा सौदा आहे. साध्या रासायनिक औषधांच्या बाबतीत पुष्कळदा तसे घडतेही. इन्सुलिनच्या बाबतीत का घडले नाही?

त्यासाठी रेणूकडे पाहावे लागेल. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनची पूर्ण रचना उलगडली. रचना अशी पूर्ण कळलेले हे पहिलेच प्रथिन. त्यात २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या असतात, एकूण ५१. डुकराच्या इन्सुलिनमध्ये माणसाच्या मानाने फक्त एक अमिनो आम्ल वेगळे असते, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. म्हणूनच साठ वर्षे जनावरांच्या इन्सुलिनवर माणसे जगू शकली.

१९७८ साली जेनेन्टेक ही कंपनी आणि कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेच्या संशोधकांनी मानवी इन्सुलिनची जनुके जिवाणूत घालून ते तयार करून दाखवले. १९८२ साली लिलीचे 'ह्युम्युलिन' बाजारात आले. हे मोठेच यश होते. आता जगाला कत्तलखान्यावर अवलंबून राहायला नको होते. पण त्याबरोबर पेटंटची नवी फेरी सुरू झाली.

मग १९९६ साली 'ह्युमॅलॉग' आले. यात दुसऱ्या साखळीतील २८ व्या आणि २९ व्या जागेवरची दोन अमिनो आम्ले, प्रोलीन आणि लायसिन, यांची फक्त अदलाबदल केलेली असते. साधे इन्सुलिन टोचल्यावर त्याचे रेणू सहा-सहांच्या घोळक्यात राहतात आणि सुटे व्हायला वेळ लागतो. अदलाबदल केल्यावर घोळके लवकर फुटतात, औषध लवकर काम करते. रुग्णाला जेवणाच्या बरेच आधी टोचून बसावे लागत नाही. २००० साली 'लँटस' आले, ते उलट सावकाश आणि दिवसभर काम करते. ही औषधे खरोखर उपयोगी आहेत हे नाकारून चालणार नाही. रात्री साखर एकाएकी उतरण्याचा धोका त्यांनी अनेकांच्या बाबतीत कमी केला.

प्रश्न सुधारणेचा नाही, तिच्या आडून काय केले गेले याचा आहे. प्रत्येक नव्या रूपावर नवे पेटंट, मग ते टोचण्याच्या पेनवर पेटंट, मग पेनमधल्या भागांवर. एकट्या लँटससाठी अमेरिकेत ७४ पेटंट अर्ज दाखल झाले होते आणि त्यांतले बहुतेक ते औषध मंजूर झाल्यानंतरचे होते. नवे आले की जुने बाजारातून काढून घेतले जाई. २००५ च्या सुमारास अमेरिकेतून जनावरांपासून बनवलेले इन्सुलिन नाहीसे झाले. शिवाय इन्सुलिनसारखे प्रथिन जिवंत पेशींत बनवावे लागते, त्यामुळे नव्या उत्पादकाला कारखाना आणि चाचण्या यांचा खर्च फार येतो. परिणाम असा की जगातील इन्सुलिनच्या व्यापाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग, किमतीच्या हिशेबाने, तीन कंपन्यांच्या हाती राहिला : लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सानोफी.

जे कुंपण मक्तेदारी रोखण्यासाठी घातले होते, तेच आता मक्तेदारीसाठी वापरले जाऊ लागले. कुंपणानेच शेत खाल्ले.

एकवीसचे पावणेतीनशे

ह्युमॅलॉगची एक कुपी अमेरिकेत १९९६ साली सुमारे २१ डॉलरना मिळे. २०१७ पर्यंत त्याच कुपीची छापील किंमत सुमारे २७५ डॉलर झाली होती. औषध तेच, रेणू तोच, कुपीही तीच. बनवण्याचा खर्च वाढला म्हणून असे झाले का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हिशेब मांडला की मानवी इन्सुलिन एका रुग्णाला वर्षभर पुरवण्यासाठी, रास्त नफा धरूनही, ४८ ते ७१ डॉलर पुरावेत, नव्या प्रकारच्या इन्सुलिनसाठी ७८ ते १३३ डॉलर. हे आकडे वर्षाचे आहेत, एका कुपीचे नव्हेत, हे मुलांना मुद्दाम दाखवून द्यावे.

त्याच वर्षीच्या किमतींची तुलना रँड या संशोधनसंस्थेने केली. अमेरिकेत इन्सुलिनच्या एका प्रमाणित मात्रेच्या पॅकची सरासरी किंमत ९८.७० डॉलर निघाली. इतर ३२ देशांत, ज्यांत कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, जपान असे सधन देश आहेत, ती सरासरी ८.८१ डॉलर होती. कंपन्या त्याच, विज्ञान तेच. फरक एवढाच की त्या देशांत सरकारे किमतीसाठी वाटाघाटी करतात आणि अमेरिकेत हे काम बाजारावर सोडले होते.

बाजारावर म्हणजे कोणावर? तेथे औषध कंपनी आणि विमा कंपनी यांच्यामध्ये दलालांची एक साखळी आहे. विमा कंपनीने कोणती औषधे यादीत ठेवावीत हे हे दलाल ठरवतात आणि त्या बदल्यात औषध कंपनीकडून सूट घेतात. समजा एका कुपीची छापील किंमत १०० आहे आणि सूट ४०. दलालाला वाटते सूट ६० व्हावी. कंपनी किंमत १२० करते आणि सूट ६० देते. तिचे ६० तसेच राहिले, दलालाचे २० वाढले. मग हे २० गेले कोणाच्या खिशातून? ज्याच्याकडे विमा नाही किंवा अपुरा विमा आहे त्याच्या, कारण तो पूर्ण छापील किंमत देतो. जो सर्वांत गरजू तोच सर्वांत महाग घेतो. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन सिनेटच्या अर्थ समितीने प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात हे गणित कागदपत्रांसह मांडलेले आहे. प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या कंपन्यांच्या किमती एकामागोमाग एक सारख्याच पायऱ्या चढत गेल्या, हेही त्यात दिसले.

आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला माणसे होती. येल विद्यापीठाच्या मधुमेह केंद्रात केलेल्या पाहणीत दर चार रुग्णांपैकी एकाने सांगितले की खर्चामुळे आपण इन्सुलिन सांगितल्यापेक्षा कमी घेतो. २०१७ साली मिनेसोटा राज्यात २६ वर्षांचा एक तरुण असाच पुरवून पुरवून घेत असताना मरण पावला. वय २६ झाल्यामुळे आईच्या विम्यातून त्याचे नाव निघाल्याला जेमतेम महिना झाला होता. औषध आणि साहित्याचा खर्च महिन्याला सुमारे १,३०० डॉलर येणार होता. १९२१ साली मुले मेली, कारण औषध नव्हते. हा मुलगा मेला तेव्हा औषध दुकानात होते.

लोकांनी काय केले

गोष्ट येथे संपत नाही आणि संपवूही नये, नाहीतर विद्यार्थ्यांच्या मनात हताशपणा तेवढा उरेल. त्या तरुणाच्या आईसारख्या पालकांनी आणि रुग्णांनी आवाज उठवला. काही जण बसने सरहद्द ओलांडून कॅनडात गेले आणि जेथे इन्सुलिन शोधले गेले तेथूनच ते स्वस्तात घेऊन आले. मिनेसोटाने २०२० साली तातडीच्या इन्सुलिनचा कायदा केला. औषध कंपन्यांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. २०२२ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतील सरकारी विमा असलेल्या वृद्धांसाठी महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर बांधला. मार्च २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांनी एकापाठोपाठ एक जुन्या इन्सुलिनच्या किमती ७० टक्के किंवा त्याहून अधिक उतरवण्याचे जाहीर केले. सरकारी योजनेच्या नियमांत होणाऱ्या बदलामुळे चढ्या किमती ठेवणे कंपन्यांना तोट्याचे जाणार होते, हेही त्यामागे होते. त्याच महिन्यात कॅलिफोर्निया राज्याने एका ना-नफा संस्थेशी स्वतःच्या नावाचे स्वस्त इन्सुलिन बनवण्याचा करार केला. शंभर वर्षांनी पुन्हा एकदा सार्वजनिक संस्थेने कुंपण घालायला घेतले म्हणायचे.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले होते, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर देता येई. वेगळी पद्धत शोधणाऱ्याला तेच औषध बनवायला मोकळीक होती. २००५ पासून रेणूवरही पेटंट मिळू लागले. तत्पूर्वी, २००३ साली, वोक्हार्टने औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यात जनुकीय तंत्राने मानवी इन्सुलिन बनवून बाजारात आणले आणि पाठोपाठ २००४ साली बंगळुरूच्या बायोकॉननेही. तोवर हे इन्सुलिन मुख्यतः परदेशी कंपन्यांकडून येत असे. स्पर्धा आली आणि मानवी इन्सुलिन आवश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादाही आहे. दहा मिलिलिटरची साधी कुपी गेल्या काही वर्षांत दीडशे रुपयांच्या आसपास राहिली आहे.

तरी आपण पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेली, वीस वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक आहेत. त्यांना इन्सुलिनबरोबर सुया, साखर तपासण्याचे यंत्र आणि रोज तीन-चार पट्ट्या लागतात. त्या पट्ट्यांचा खर्च इन्सुलिनपेक्षाही जास्त होऊ शकतो. मजुराच्या घरी हा खर्च दर महिन्याला, जन्मभर येतो. शिवाय न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे आणि घरात शीतकपाट नाही. अशा घरांत वापरातली कुपी मातीच्या भांड्यात, ओल्या वाळूत ठेवतात. बाष्पीभवनाने आतले तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उतरते. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. एक लहान मडके, एक मोठे मडके, मधे ओली वाळू आणि दोन तापमापी. दर तासाला नोंद घ्यावी, आलेख काढावा. उन्हाळ्यात विदर्भात आणि कोकणात हा फरक सारखा येईल का, हे मुलांना आधी तर्काने सांगू द्यावे.

आणि मग त्या तक्त्याकडे परत यावे. स्वादुपिंड, इन्सुलिन, साखरेचे नियंत्रण. त्याला चौथा रकाना जोडून मुलांना विचारावे : हे औषध कोणाचे? शोधणाऱ्याचे, बनवणाऱ्याचे, ज्या करदात्यांच्या पैशाने विद्यापीठे चालतात त्यांचे, की ज्याला त्याच्यावाचून जगता येत नाही त्याचे? बनवणाऱ्याला नफा किती असावा आणि तो कोणी ठरवावा? टोरांटोच्या त्या मंडळींनी पेटंट घेतलेच नसते तर काय झाले असते? मुलांची उत्तरे एकसारखी येणार नाहीत आणि तशी यायलाही नकोत. पण आपल्या वर्गात एखादे मूल मधल्या सुट्टीत गुपचूप कोपऱ्यात जाऊन सुई टोचून घेत असेल, तर या चर्चेनंतर त्याला कोपऱ्यात जावे लागू नये, एवढे तरी आपण नक्कीच पाहू शकतो.